दोन्ही हात भिंतीला

ठरलेलं लग्न मोडल्यानंतर मी घरूनच काम करायला लागले. मुलुंडचा आमचा फ्लॅट लहान आहे. माझा लॅपटॉप डायनिंग टेबलावर असायचा आणि आई जाता-येता फ्रिजवर दोन्ही तळवे एकदम आपटायची. थाप. मग वळून ओट्याकडे.

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"म्यूट कर ना मग."

ही तिची प्रॅक्टिस होती. आई पन्नाशीनंतर पोहायला शिकली, महापालिकेच्या तलावावर, लेडीज बॅचमध्ये. तिथे टोकाला पोचलं की एका हाताने दांडा धरायचा, शेजारणीला आज भाजी काय केली ते विचारायचं आणि मग परत निघायचं. तीच सवय घेऊन ती मागच्या वर्षी मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या हौशी लोकांच्या, स्पर्धेत उतरली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. तिचा एकच लागला. पूर्ण अंतर पोहून बाहेर आली तेव्हा कळलं, बाद. निकालात तिच्या नावापुढे वेळच नव्हती. "एकदा तरी नावापुढे वेळ दिसू दे," एवढंच ती म्हणाली.

या वर्षी स्पर्धा अंधेरीला होती. मी जाणार नव्हते. लेडीज बॅचला माझ्या लग्नाच्या पत्रिका गेल्या होत्या आणि त्या सगळ्या तिथे असणार होत्या. आईने आग्रह केला नाही. पिशवीत दोन केळी टाकत म्हणाली, "त्या चॅनलवर लाइव्ह दाखवतात. बघायचं तर बघ."

ते चॅनल फक्त मास्टर्सचं पोहणं दाखवतं. एक पुरुष आणि एक बाई कॉमेंट्री करत होते. कॅमेरा एकच, जरा हलणारा. मला वाटलं होतं, काका-काकूंची थोडी गंमत करतील. केली नाही. प्रत्येकाचं नाव नीट घेतलं. कोण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत आलंय, कोणाची डाइव्ह सुधारलीय, सगळं सांगितलं. या स्पर्धांत शेवटची बाई पोचेपर्यंत बाकीच्या पाण्यातच थांबतात. कॅमेराही थांबत होता.

मी बघत होते. आत काही हलत नव्हतं. कित्येक महिने तसंच चाललं होतं, त्यामुळे त्याचं विशेष वाटलं नाही.

आई सहाव्या लेनमध्ये होती. शिट्टी झाली आणि ती लगेच मागे पडली.

"लेन सहाकडे लक्ष ठेवा," ती बाई म्हणाली. "मागच्या वेळी टर्नला एक हात लागला होता. यावेळी बघू या."

तिच्या लक्षात होतं. आमच्या नात्यातल्या कोणाला आई पोहते हेही धड माहीत नाही.

पुढच्या सगळ्या वळून निघून गेल्या, पण कॅमेरा त्यांच्यामागे गेला नाही. आईची लाल टोपी पाण्याखाली गेली, वर आली. भिंत जवळ आली. मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"दोन्ही!" पुरुष ओरडला. "दोन्ही हात! झकास, काकू!"

शेवटीही दोन्ही लागले. बाकीच्या बायका पाण्यातच टाळ्या वाजवत होत्या. मग स्क्रीनवर आईचं नाव आलं, सर्वांत खाली, आणि त्यापुढे वेळ.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मागे लेडीज बॅचचा गलका होता.

"बघितलंस?"

"हो."

"मग? किती हात?"

"दोन."

"रडतेयस का गं?"

"नाही."

खरंच नव्हते. "बरं," ती म्हणाली, "कुकर लाव. भूक लागलीय."

मी कुकर लावला. मग व्हिडिओखाली लिहिलं, लेन सहापाशी थांबल्याबद्दल थँक्यू. ती माझी आई आहे, हे आधी लिहिलं नव्हतं. पाठवण्याआधी तेही घातलं.