तीन हाका

एका चित्रपटात माझं नाव आहे. शेवटी नावं वर सरकत जातात, त्यात 'मूळ कथा' या दोन शब्दांखाली ते एकटंच येतं आणि साडेतीन सेकंद थांबतं. किती सेकंद ते मला ठाऊक आहे, कारण मी मोजले आहेत. ती कथा माझी नाही. माझ्या मामाची आहे, आणि त्याने ती मला विश्वासाने सांगितली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याविषयी उगाच बरं वाटायला नको.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, वाडीतली खोली सोडली नाही आणि जन्मभर अक्षरं काढली. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, गणपती मंडळांचे फलक, आणि तरुणपणी काही वर्षं कॉमिक्स. बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या एका छापखान्यातून तेव्हा मुलांसाठी गुजराती कॉमिक्स निघायची. चित्रं काढणारा वेगळा, गोष्ट लिहिणारा वेगळा, आणि पात्रांच्या तोंडाजवळचे संवादांचे फुगे हाताने भरायला मामा. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. मामाचा हात मराठी, त्याला रेघेशिवाय अक्षर सरळ काढता येईना. म्हणून तो आधी शिसपेन्सिलीने बारीक रेघ मारायचा, तिला अक्षरं टांगायचा आणि शाई वाळली की रेघ खोडून टाकायचा. आई त्याला चिडवायची, बडोद्यात चार पिढ्या काढल्या तरी याला आधाराला रेघ लागतेच.

त्या कॉमिक्सचा नायक साधा होता. दिवसा पाणीपुरवठ्यात नोकरी, खांद्यावर झग्याऐवजी ओला पंचा. शहरात कुणीही, कुठूनही हाक मारली की त्याला ऐकू येई. मग तो 'ए आव्यो!', म्हणजे 'हा आलो!', म्हणून निघे आणि पुढच्या चौकटीत पोचलेला असे. त्याला ही शक्ती मिळाली कशी, ते मात्र कुठल्याच अंकात नव्हतं. मुलांची पत्रं यायला लागली, तेव्हा लेखक भांडून निघून गेला होता. चित्रकार मामाला म्हणाला, तूच काहीतरी सांग, मी काढतो. मामाने सांगितलं. आठ पानं झाली, फुगे भरून झाले, आणि तो अंक छापायच्या आत छापखाना बंद पडला. ती पानं मामाच्या ट्रंकेत राहिली.

मी कॉलेजात चित्रकला शिकत होतो तेव्हा त्याने ती मला दाखवली. हातचं काम चांगलं होतं म्हणून मी खूश झालो आणि विचारलं, हे सुचलं कसं? मामा जरा वेळ पानंच नीट लावत बसला. मग म्हणाला, सुचलं नाही.

तो चोवीस वर्षांचा होता. त्याच्या खोलीसमोर, जिन्याच्या पलीकडे, एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. एका दुपारी मामा फुगे भरत बसला होता आणि मावशींनी हाक मारली, "अरे, जरा ये रे." रेघ मारलेली, शाई बोरूवर आलेली. "आलो," मामा म्हणाला. आपण सगळेच म्हणतो, बूड न हलवता. एवढा फुगा पुरा करतो आणि जातो, असं त्याच्या मनात होतं. तो फुगा झाला, मग त्याच ओळीतला दुसरा. तो गेला तेव्हा मावशी मोरीपाशी पडल्या होत्या आणि त्यांचा हात दाराकडे होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला असतास तरी फार फरक पडला नसता. मामाने ते कधीच मानलं नाही.

त्या आठ पानांत हेच होतं. एक तरुण बसून काम करत असतो, हाक येते, तो उठत नाही. आणि त्या दिवसापासून त्याला शहरातली एकूण एक हाक ऐकू यायला लागते. ही त्याची शक्ती. कुणाला सांगू नकोस, असं मामा म्हणाला नाही. घरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही असा त्याचा समज होता.

मी आता बडोद्यातच, समा भागात राहतो आणि तिथेच एका ॲनिमेशन स्टुडिओत स्टोरीबोर्ड काढतो. म्हणजे चित्रपट बनण्याआधी त्यातला प्रत्येक प्रसंग चौकटी-चौकटींनी काढून दाखवायचा. काम बरं आहे, नाव कुणाचं होत नाही. छापखानेवाल्याच्या मुलांनी त्या जुन्या कॉमिक्सचे हक्क आमच्या स्टुडिओला दिले, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मामाला चकित करू, असं मनात होतं. पण चित्रपटाला नायकाची सुरुवात हवी होती आणि छापील अंकांत ती नव्हती. आठवडाभर मीटिंगा झाल्या. कुणी म्हणालं वीज पडू दे, कुणी म्हणालं रसायनाची टाकी फुटू दे. मला वैताग आला आणि मी उठून फळ्यावर मामाची आठ पानं काढून दाखवली.

आमची दिग्दर्शिका फळ्याजवळ येऊन उभी राहिली. "आ कोनुं छे?" तिने विचारलं. कुणाचं हे?

"मारुं," मी म्हणालो. माझं.

मराठीत विचारलं असतं तर ती थाप मला जमली नसती असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होतो. हे सगळं झूट. मराठीतही जमली असती. मला खुर्ची पुढे ओढून बसायची हौस होती, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. पण तोवर माझं टेबल दिग्दर्शिकेच्या खोलीत हललं होतं.

आणि एवढ्यावर भागलं नाही. मावशींची हाक मी काढली तेव्हा ती एकच होती, जशी पानांत होती. दिग्दर्शिका म्हणाली, एक हाक मुलांच्या लक्षात येणार नाही, तीन कर. आमच्या धंद्यात हे खरंच आहे, तीनदा झालं की थिएटरमधल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. मी तीन केल्या. पहिल्या हाकेला पेन थबकतं, दुसरीला तो मान वळवतो, तिसरीला पाय जमिनीवर टेकतो आणि पुन्हा वर उचलला जातो. तो पाय मला फार झकास साधला होता. आजही त्याचा अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटतो याची लाज वाटते.

मग जाहिरातीसाठी एक व्हिडिओ काढायचा ठरला. ही कल्पना आयुष्यातून आली का, असं मला कॅमेऱ्यासमोर विचारलं. मी हो म्हणालो. दहावीत असताना मी चित्र काढत बसलो होतो आणि शेजारच्या आजींनी हाक मारली, असं सांगितलं. निळं लुगडं सांगितलं. आवाज कापरा केला. दुसऱ्या टेकला तो जास्त चांगला जमला, तोच त्यांनी ठेवला. गोष्ट चोरणारे पुष्कळ असतील. मी माणसाचा पश्चात्ताप चोरला आणि तो अंगात घालून मिरवला.

या सगळ्या काळात मी दर रविवारी वाडीत जात होतो. "काय चाललंय तुमचं?" मामा विचारायचा. "चाललंय," मी म्हणायचो. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं मग मीच जास्त बोलायचो, गॅसचा नंबर लावला का, डोळ्यांचे थेंब आणू का. चित्रपट लागायच्या आठवड्यात शेवटी त्यानेच विचारलं, "ते पंचावालं आपलंच ने?"

"आपलंच," मी म्हणालो.

"मग दाखव की."

रविवारी सकाळच्या खेळाला मी त्याला स्कूटरवर घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून तो फाटकात उभा होता. थिएटर मुलांनी भरलेलं. पडद्यावर पंचा फडकला की सगळी पोरं एका आवाजात 'ए आव्यो' ओरडायची. मामाही हसला, मला कोपराने ढोसलं. मग ती दुपार आली. खोली, टेबल, जिना. मामाचं हसणं थांबलेलं मला न बघताही कळलं. पहिली हाक आली, दुसरी आली, तिसरीला त्याने खुर्चीचा हात धरला. मी पडद्याकडे बघत राहिलो. माझ्याच चित्राकडे बघायचं म्हणजे मला निमित्त होतं.

चित्रपट संपल्यावर लोक उठले. मामा उठला नाही. अक्षरांचा माणूस, नावं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो कधीच उठत नाही. झाडूवाले येऊन कडेला उभे राहिले. माझं नाव आलं, साडेतीन सेकंद थांबलं, गेलं. मामा त्यानंतरची सगळी नावंही वाचत बसला.

बाहेर आम्ही सेव-उसळ खायला बसलो. मी पाव कुस्करत होतो. सांगायचं ते घशाशी होतं आणि मी तर्री वाढून मागत होतो.

"समोरची मुलगी आहे ने, तिने मोबाइलवर दाखवला मला तुझा व्हिडिओ," मामा म्हणाला. "पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवसांत दोन रविवार येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्याने मला चहा करून दिला होता.

"मावशी निळं नाही नेसायच्या. पांढरं पातळ असायचं."

"मामा, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी सांगतो ऑफिसात. तुझं नाव घालायला लावतो."

"नाव नको मला. लोक विचारतील कसं सुचलं, मी काय सांगू? तुझ्यासारखं येत नाही मला बोलायला." तो हे टोमण्याने बोलला नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. वाटीतली शेव चमच्याने बाजूला सारत तो पुढे म्हणाला, "पण त्यांनी एकदाच हाक मारली होती रे. तुझ्या सिनेमात तीन मारल्या. तीन मारल्या असत्या तर मी उठलो असतो."

शेजारच्या टेबलावर एक मुलगी आईला 'ए आव्यो' करून दाखवत होती. मामाने तिच्याकडे बघून मान डोलावली.

"दोन कमी करता येतील का बघ," तो म्हणाला. "बाकी सगळं सारं आहे, चांगलं आहे. अक्षरंही छान काढलीत."

चित्रपट एकदा लागला की त्यातली एक चौकटही हलत नाही. हे मला माहीत होतं, आणि जन्मभर छापखान्याशी संबंध आलेल्या माणसाला मी ते सांगू शकलो असतो. "बघतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी वाडीत गेलेलो नाही. एका रविवारी डेडलाइन होती, एका रविवारी पाहुणे. दिग्दर्शिकेला अजून काही सांगितलेलं नाही, ती आता दुसऱ्या भागाबद्दल बोलते. मामाने विचारलं नाही, तो रागावला नाही, आईकडेही बोलला नाही. परवा दुपारी त्याचा फोन आला. "जरा येऊन जातोस का?" एवढंच म्हणाला. कशाला ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"आलोच," मी म्हणालो.

परवापासून पुन्हा फोन नाही. एवढं पान पुरं करतो आणि निघतो.