विजापूर रोडवरचं वळण

हारूनभाईंनी मंगळवेढ्याच्या एसटीवर तीस वर्षं कंडक्टरकी केली. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, असं ते सांगत. निवृत्त झाले त्याच वर्षी शहरात मॅरेथॉन सुरू झाली. त्या पहिल्या शर्यतीत एकजण निम्मं अंतर मोटारसायकलवर येऊन पदक घेऊन गेला. तेव्हापासून दहा किलोमीटरवाल्यांना विजापूर रोडवरच्या वळणावर मनगटाला हिरवी फीत बांधायची, असं ठरलं आणि समितीने तिथे हारूनभाईंना बसवलं. फीत नाही त्याचं नाव कापायचं.

यंदा साठीच्या आसपासच्या बायकांमध्ये पहिली आली मुक्ताबाई. सांगोल्याकडची, आता टॉवेल कारखान्यात शिलाईला. नऊवारीत पळाली होती. मनगट मोकळं.

"बाई, वळणावर तुम्ही आलाच नाहीत," शर्यत संपल्यावर यादी घेऊन आलेले हारूनभाई म्हणाले.

"आले की. तितं खुर्चीत कुणीच नव्हतं."

"मी जागचा हललो नाही."

मुक्ताबाईचं नाव कापलं गेलं. तरी हारूनभाईंना चैन पडेना. रिक्षाने आली असेल, तर रिक्षावाला कोण? तिसऱ्या दिवशी ते तिच्या गल्लीत जाऊन, ही कुणाच्या रिक्षाने आली, असं शेजारणींना विचारू लागले. तेवढ्यात तीच बाहेर आली.

"उद्या पाचला गाडी घिऊन या. माज्या मागं चला, मग बोला."

ते गेले. स्कूटरचा काटा बघत तिच्या मागे राहिले. तिने दहा किलोमीटर एक तास आठ मिनिटांत पुरे केले. हारूनभाई म्हणाले, "आज पळालात. त्या दिवशी पळालात हे कशावरून?"

मुक्ताबाईने पदराने तोंड पुसलं. "त्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी हुती. तुमी पलीकडं एका मोटारसायकलमागं 'उतर, उतर' वरडत पळत हुता. मागं बसलेल्याच्या मांडीवर मेथीच्या जुड्या हुत्या. मला हसू आलं, म्हणून ध्यानात ऱ्हायलं."

हारूनभाईंचा चेहरा उतरला. तो माणूस स्पर्धक आहे असं त्यांना वाटलं होतं. तो निघाला मंडईतून भाजी घेऊन जाणारा. पाच मिनिटं गेली असतील, आणि ती ते साफ विसरले होते.

घरी जाऊन त्यांनी यादी काढली. फीत नाही म्हणून कापलेली आणखी दोन नावं नेमकी तेवढ्याच वेळातली होती. ते दोघे तक्रार न करता निघून गेले होते.

"आता कशाला उकरता? निकाल लागला," समितीचे राजशेखर म्हणाले.

"चूक माझी आहे. तसं लिहून घ्या."

निकाल बदलला. पदक द्यायला हारूनभाई स्वतः गेले. मुक्ताबाईने ते घेतलं, पण त्यांना घरात या म्हणाली नाही. दारातच विचारलं, "रिक्षातनं आल्ते असं माज्या शेजारणीस्नी तुमीच सांगितलं न्हवं? आता खरं काय ते बी तुमीच सांगा."

हारूनभाई गल्लीतल्या सहाही दारांत उभे राहिले. पुढच्या वर्षी वळणावर त्यांनी सोबत दुसरा माणूस मागून घेतला.