थांबलेली बाग

"बाग थांबली" असं आमच्या पिंपळगावच्या बाजूला कुणी म्हटलं की लगेच युरियाची गोणी उघडते. शेंडा वाढेना म्हणजे वेल उपाशी आहे, तिला खायला घाला, असा इथला पक्का समज. त्या वर्षी माझ्या वाट्याच्या बागेत मी गोणी उघडू दिली नाही, आणि त्यावरून माझं भावाशी चांगलंच वाजलं.

वडिलांच्या माघारी द्राक्षबागेचे दोन भाग झाले. मधल्या वाटेच्या अलीकडे दादाचा, पलीकडे माझा. बहीण माहेरची बाग करतेय म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. दादानं चारचौघांत मला बजावलं, की यंदा माल निघाला नाही तर तुझीही बाजू मीच करणार. मीही तावातावात हो म्हणून बसले.

छाटणीनंतर फुटवे हातभर झाले आणि अवकाळी पावसानं गाठलं. दोन्ही बाजूंना डावणी आली, वेलीचा बुरशीचा रोग. पानावर तेलकट पिवळे डाग, पान उलटावं तर खाली पांढरी बुरशी. औषध दादानं मारलं, मीही मारलं. त्यानंतर दोन्हीकडच्या वेली जागच्या जागी थांबल्या. शेंडा हलेना, पानांवर मोहरीएवढे करपलेले ठिपके.

दादा खत घेऊनच आला. "लय हट्ट करू नको. खायला नाय म्हणून थांबलीय ती."

"उपाशी नाहीये ती, कामात आहे," मी म्हणाले.

कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकले होते. सासरी-माहेरी त्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी न विचारता सांगितलं. बुरशी पानात शिरली की वेल आपला कारखानाच बदलते. एरवी ज्या कच्च्या मालातून रंग तयार व्हायचा, त्याच मालातून ती बुरशीला मारणारं विष बनवायला घेते. डागाभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे बुरशीला पुढं खायला काही उरत नाही. ते करपलेले ठिपके म्हणजे वेलीनंच लावलेली आग. एवढं सगळं करायचं तर वाढायला ताकद कुठून आणायची? अशा वेळी युरिया घातला की ती हे काम सोडून कोवळी पालवी काढत बसते, आणि कोवळं पान तर बुरशीचं आवडतं.

"पुस्तकात ठीक हाय," दादा म्हणाला.

माझंही डोकं फिरलं. नोटा तपासायचा जांभळा दिवा घरात होता. पान घेऊन दादाला खताच्या अंधाऱ्या खोलीत ओढत नेलं आणि दिवा लावला. सगळं पान मंद तांबडं दिसत होतं, ठिपक्यांभोवती मात्र निळसर चकाकी. "हेच ते विष," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता, इतका मला त्या पानाचा अभिमान वाटला.

दादानं नाक मुरडलं. "चमकलं बरं. मग आता बाजारात काय उजेड विकणार का?"

मी बाहेर आले, माझ्या बाजूला पाण्यातून खत नेणाऱ्या ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथंच बांधावर बसले. "माझ्या वेलींना खत सोडायचं असेल तर आधी मला उठव." त्यानं कपाळावर हात मारला आणि सगळं खत आपल्या बाजूला सोडलं.

त्याची बाग हिरवीगार झाली, लोक थांबून बघायचे. माझी तशीच खुरटी. रोज पहाटे मी एकेक पान उलटून बघायचे. रोगट फुटवे काढले, फवारणी चुकवली नाही, कारण वेल एकटी किती लढणार? मग पुन्हा ढगाळ हवा आली, आणि दादाच्या कोवळ्या पालवीवरून डावणी थेट फुलोऱ्यात उतरली, घड धरायच्या आधीच गळाले. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू? तीही वडिलांचीच बाग होती.

माझे घड लहान राहिले, पण मणी स्वच्छ भरले. माल बघायला व्यापारी आला. त्यानं एक घड उचलून उजेडात धरला, मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून मागं दादाकडं बघत विचारलं, "मालक, तोडणी कधी धरायची?"

दादा एक पाऊल मागं सरकला.

"परवा सकाळी," मी म्हणाले. "आणि काय विचारायचं ते मला विचारा. बाग माझी आहे."