नाईकाच्या घरचं मत

आमच्या ह्यांचं राजकारण चुलीपासून सुरू झालं, असं मी म्हणते तेव्हा सगळे हसतात. पण तसंच आहे ते. सकाळी भाकरी टाकायला बसावं, तर दारात माणसं उभी. कोणाचा बैल कोंडवाड्यात, कोणाचा जावई रुसलेला, कोणाला पांढरकवड्याच्या कचेरीत सोबत हवी. चहाचं आधण चुलीवरून उतरायचंच नाही. हे आमच्या तांड्याचे नाईक. त्यांचे वडील नाईक, आजेही नाईक. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचे दिवस आज्यांच्या वेळीच संपले. जमिनी झाल्या, ज्वारी-कापूस आला, पण नाईकानं बोलावलं की नसाब बसायची ती राहिली. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. मोहाच्या झाडाखाली बाप्ये बसत, ज्याचं त्याचं म्हणणं सांगून होई, आणि नाईक सगळ्यांच्या शेवटी बोले. तो बोलला की विषय संपला. बायकांना तिथं जागा नव्हती. आम्ही आपापल्या दारातून ऐकायचो, आणि बाप्यांपेक्षा नीट ऐकायचो.

ग्रामपंचायतीत हे शिरले ते मात्र विहिरीमुळे. छप्पन्न साली आमच्याच बाजूच्या, नाल्याकाठच्या वस्तीतले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. मेलेली ढोरं आता ओढणार नाही म्हणाले, तसं गाव त्यांच्यावर बिघडलं. कामाला बोलावणं बंद झालं. उन्हाळ्यात त्यांच्या बायका नाल्याच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. ह्यांनी त्यांना आमच्या विहिरीवर यायला सांगितलं. तांड्यात कुरकुर झाली, माझ्याही कपाळाला आठी पडली. विहीर काही समुद्र नव्हती. पण नसाबीत हे शेवटी बोलले आणि विषय संपला. पुढं पंचायतीची निवडणूक आली तेव्हा वस्तीतले एक म्हातारे काठी टेकत आले आणि म्हणाले, "नाईक, तुमी उभे राहा. आमी हावो." तांडा, ती वस्ती आणि गावाची खालची आळी मिळून एक वॉर्ड होता. हे बिनविरोध निवडून आले.

मेंबर होऊन ह्यांनी काय केलं? शाळेवर नवी कौलं घातली, कोंडवाड्याचा दरवाजा दुरुस्त केला, आणि चहा पाजला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे पलीकडे जायचा ठेंगणा पूल, काही झाला नाही. शाळा गावात, म्हणजे नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की तांड्याची आणि वस्तीची पोरं घरी बसत. पाण्याला उतार पडेपर्यंत शिकवलेलं पुढं निघून गेलेलं असे. गावातल्या मेंबरांची घरं शाळेच्या बाजूला, त्यांना कसली घाई? दर बैठकीत ते "पाहू" म्हणत. आमची मुलगी चौथीत गेली. हेडमास्तरांनी सांगून टाकलं की यंदा हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसवणार नाही. त्या दिवशी तिनं पाटी आपटली आणि बापाला विचारलं, "बा, रपटा कधी होईन?"

"यंदा," हे म्हणाले. "यंदा निवडून आलो, त मले सरपंच करून राह्यले. पहिला ठराव रपट्याचा. शब्द देल्ला तुले."

घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलायचो, इथं सगळ्यांना कळावं म्हणून ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते. शब्द मात्र तोच होता, आणि पोरीनं तो गाठीला बांधला.

यंदा बिनविरोध नव्हतं. खालच्या आळीतला एक तालेवार शेतकरी ह्यांच्याविरुद्ध उभा राहिला. हुशार माणूस. त्यानं सभा घेतली नाही, भिंती रंगवल्या नाहीत. संध्याकाळी सरळ तांड्यात आला, आमच्या दारात घोंगडीवर बसला, माझ्या हातची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिटक्या मारत खाल्ला, आणि हात धुऊन ह्यांना म्हणाला, "नाईक, तुमच्या दारात आलो. मले रिकाम्या हातानं धाडू नका."

आमची नस त्याला बरोबर सापडली होती. दारात बसून मागणाऱ्याला तांडा परत पाठवत नाही, ही रीत आम्ही बैलांबरोबर आणलेली. मीठ मागो, आसरा मागो, काही दिल्याशिवाय पाठवायचं नाही. आता हा मतं मागायला आला होता, तीही नाईकाविरुद्ध नाईकाकडेच! दुसऱ्या कोणी हसून वाटेला लावला असता. आमच्याकडे नसाब बसली.

म्हातारे म्हणाले, मागितलं आहे तर द्यावं लागेल. सगळं देता येत नाही, तर वाटा द्यावा. तांड्यात घरांच्या दोन ओळी. झाडाकडची ओळ नाईकाला, नाल्याकडची पाहुण्याला. सगळ्यांच्या माना हलल्या. मग कोणीतरी विचारलं, "आन् नाईकाचं घर?" आमचं घर दोन्ही ओळींच्या तोंडाशी, कोणत्याच ओळीत नाही. हे शेवटी बोलले. "पाहुना माह्या दारात बसला होता. माहं घर त्याच्या वाट्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे घरात आले तशी मी तोंड सोडलं.

"काहून? सवताच्या घरचं मत कोनी दुसऱ्याले देते काय?"

"नसाबीत शब्द गेला."

"आन् पोरीले देल्ला तो?"

हे तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर जाऊन बसले. खरं सांगते, त्या रात्री मला त्या माणसाचा अभिमानही वाटला आणि रागही इतका आला की मी जेवले नाही.

मतदान गावातल्या शाळेत होतं. ह्यांचं चिन्ह छत्री. नाल्याकडच्या ओळीतल्या बायका माझ्या मागंपुढं उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता. मी आत गेले. छत्री कुठं आहे ते शोधावं लागलं नाही. शिक्का असा दाबला की टेबल हललं.

हे निवडून आले. वस्तीतल्या पोरांनी डफडं वाजवलं, गुलाल उधळला. हे मात्र चुकल्यासारखे चालत होते. वाटा देऊन निवडून येणं शक्य नाही, एवढा हिशेब त्यांनाही कळत होता. घरी आल्यावर गुलाल न पुसताच विचारलं, "तू कोनाले देल्लं?"

"तुमाले."

"मी नसाबीत बोललो होतो."

"तुमी बोलले. मले कोनं इचारलं होतं?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी नसाब बोलावली आणि स्वतःच उभं राहून सांगितलं, "माह्या घरानं शब्द मोडला. दंड करा." तेवढ्यात नाल्याकडच्या ओळीतून माझी चुलत सासू दारात आली आणि ओरडली, "मंग माहंबी घर धरा!" तिच्या शेजारणीनं "माहंबी" म्हटलं. मग तिसरं दार, चौथं दार. त्यांच्या नवऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. बिचारे ठरल्याप्रमाणे मतं टाकून आले होते. मी पदर तोंडात धरून हसत होते. दंड असा ठरला की चुकलेल्या घरांनी तांड्याला जेवण घालायचं. अर्ध्या तांड्यानं अख्ख्या तांड्याला जेवू घातलं, आणि जेवण झकास झालं.

जेवणं उरकल्यावर ह्यांनी डोक्यावरचं नाईकाचं पागोटं काढलं आणि माझ्या धाकट्या दिराच्या डोक्यावर ठेवलं. "ज्याचं घर नसाब ऐकत नाही, त्यानं शेवटी बोलू नये," एवढंच म्हणाले. म्हाताऱ्यांनी गळ घातली, दीर रडला. हे ऐकायला तयार नव्हते. माझं हसू तिथंच वाळलं.

हे सरपंच झाले. पहिला ठराव रपट्याचा झाला. सिमेंट पांढरकवड्याहून आलं, दगड तांड्यानं आणि वस्तीनं वाहिले. पावसाळ्यात पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन कोरड्या पायांनी शाळेत गेली, आणि चौथी पास झाली. लोक आमच्याकडे येतच राहिले. चहा काही कमी झाला नाही. पण नसाब बसली की हे कडेला, घोंगडीच्या टोकावर बसत. कधी बोलायला तोंड उघडत आणि दिराकडे बघून मिटत. मी दारातून बघायची.

एका संध्याकाळी ओसरीत तूर निवडताना मी विचारलंच, "नाईकपन गेलं, त्याचं वाईट वाटते काय?"

"वाटते."

"मलेबी वाटते. पन पुन्हा मत टाकाले गेली, त मी छत्रीवरच शिक्का मारीन."

ह्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मले मालूम हाये," म्हणाले. "म्हनूनच त सोडलं."