प्लास्टिकची बाई उपास धरत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या आरोग्यविज्ञान विभागाचं वार्तापत्र मोबाईलवर आलं, तेव्हा मी नाशिकच्या घरी आईला तिची रक्तदाबाची गोळी काढून देत होते. माजी विद्यार्थ्यांना पाठवतात तसंच ते गोड होतं. नव्या प्रयोगशाळेचा फोटो, फीत, फुगे. कोण कुठं नोकरीला लागलं, कुणाला परदेशी जायला मिळालं, आवारात कडुनिंबाची रोपं कुणाच्या हस्ते लागली. आणि शेवटच्या पानावर, मेळाव्याच्या निमंत्रणाच्या वर, एक ओळ: 'देवगावची तोंडी परीक्षा यंदापासून बंद होत असून ती विभागातील प्रयोगशाळेतच घेण्यात येईल.' खाली विभागप्रमुखांची सही.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. पुन्हा वाचली, आणखी मोठ्यानं.

"आधी गोळी दे," आई म्हणाली. "मग गर्ज."

"ही घे. रोज घ्यायची, जेवणानंतर. कळलं ना?"

"कळलं गं बाई. अख्खी शाळा चालवलीय मी."

आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिला काही सांगायला गेलं की ती असंच उत्तर देते. मी त्याच दुपारी बॅग भरली.

जे आमच्या विभागात शिकलेले नाहीत त्यांना सांगते, देवगावची तोंडी म्हणजे काय. कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचं मोठं गाव आहे. शेवटच्या वर्षाला विभाग आम्हाला तिथं न्यायचा. कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं आणि समोरच्या माणसाला एक उपचार समजावून सांगायचा. मग त्या माणसानं तो आपल्या शब्दांत उलटा सांगायचा. त्याला सांगता आलं तर आपण पास. नियम एकच. 'कळलं का?' असं विचारलं की तिथल्या तिथं नापास. विचारायचं 'काय कळलं?' कारण 'कळलं का' म्हटलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि घरी जाऊन आपल्याला वाटेल ते करतो. आम्ही एकमेकांना आजही विचारतो, "तुझं देवगाव कधी झालं?" म्हणजे तू खरी पास कधी झालीस?

अशी परीक्षा दुसरीकडे कुठं पाहिलेली नाही मी. आरोग्याच्या हक्कावर गावोगाव भाषणं देत फिरते, त्या फिरण्यात जे काही वाचलं, त्यातही भेटली नाही. आणि ती बंद करायची? एका ओळीत?

सही नसरीनची होती, हे जास्त लागलं. नसरीन आमची विभागप्रमुख आणि वसतिगृहातली माझी खोलीतली सोबतीण. तिची देवगावची तोंडी माझ्याच दिवशी, माझ्याच ओट्यावर झाली होती.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला येवला-वैजापूरमार्गे एसटी जाते. थंडीत जा आणि सकाळची गाडी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडीत बायकाच जास्त आणि गप्पाही. खिडकी उजवीकडची नको, ऊन येतं. वैजापूरला बाजार समितीच्या बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी त्या रांगेमागं मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मला बरंच झालं. भाषण पक्कं करायला वेळ मिळाला.

"ताई," कंडक्टर वाकून म्हणाले, "मघापासून तोंडातल्या तोंडात काय चाललंय? स्तोत्र हाय का?"

"भाषण आहे."

"मग हरकत नाय. मला वाटलं, सुट्ट्या पैशांवरून मलाच बोलायलात."

शेजारी एक बाई मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. "कुनाला देनार भाषान?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीला."

"मैत्रिनीला भाषान कशाला वं, ताई? दोन शिव्या द्या अन् च्या प्या."

हा सल्ला मी ऐकला नाही. ऐकायला हवा होता.

नसरीन मुकुंदवाडीला राहते. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी सांगते, तिथं छोटं स्टेशन आहे, काही मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा आधी पाहून निघा. मी रिक्षानं गेले. तिनं दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आली का तोफ?"

"भरून आणलीय."

"उद्या उडव. आज खलिया केलाय, थंडा झाला तर तुझं एक ऐकणार नाय मी."

नान तिनं दुकानातून आणले होते, हळदीच्या रंगाचे, अजून गरम. खलिया, म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा, घरचा. नान-खलिया खायचा तर संध्याकाळी लवकर खा, नान ताजे असताना. बाहेर जेवलात तरी पाचशेच्या नोटेत दोघांचं होतं आणि चहापुरते उरतात. मी तिसरा नान फाडत विचारलं, "सही तू केलीस?"

"हौ, मीच केली. उद्या विचार ना, सगळ्यांसमोर विचार. आज जेव."

दुसऱ्या दिवशी मेळाव्याआधी आम्हाला नवी प्रयोगशाळा दाखवली. प्रामाणिकपणे सांगते, प्रयोगशाळा उत्तम आहे. पलंगावर प्लास्टिकची एक पुरी बाई निजलेली. तिची छाती श्वासानं वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, रक्तदाब हवा तेवढा चढवता येतो. विद्यार्थ्यांनी तिचं नाव मंदामावशी ठेवलंय. काचेपलीकडं बसलेला माणूस माईकवरून तिच्या वतीनं बोलतो. ठाण्याची आर्या, शेवटच्या वर्षाची, चुणचुणीत मुलगी, आम्हाला तोंडी करून दाखवत होती.

"मंदामावशी, ही रक्तदाबाची गोळी. रोज जेवणानंतर घ्यायची, बंद करायची नाही. कळलं?"

"हो, डॉक्टर," मंदामावशीच्या उशाखालून पुरुषी आवाज आला.

पूर्ण गुण. टाळ्या.

सभागृहात माझी पाळी आली. मी जीव ओतून बोलले. म्हणाले, आपल्या विभागाला जे मोठेपण आहे ते इमारतीनं दिलेलं नाही. परीक्षकाच्या खुर्चीत आपण गावाला बसवलं, त्यानं ते दिलं. ज्या दिवशी ती खुर्ची काढून घ्याल, त्या दिवशी औषध देणाऱ्यांच्या रांगेत आणखी काही बहिरे उभे कराल. असं बरंच काही. टाळ्या इतक्या वाजल्या की मला वाटलं, जिंकले.

नसरीन शांतपणे उठली, माईक घेतला. "उज्ज्वलाताई छान बोलल्या. आता आपला नियम. काय कळलं?"

मग जालन्याचा गजानन, आमच्याच वर्गातला, उभा राहिला. "लॅब बंद करायची."

"मी असं म्हणालेच नाही!" मी जागेवरून ओरडले.

"सरकारचा निषेध करायचा," दुसरं कुणीतरी म्हणालं.

मागच्या रांगेतून आवाज आला, "ताईचा आवाज अजून तसाच हाय, येवढं कळलं." हशा पिकला. खोटं कशाला बोलू, त्या हशात मीही होते. जिच्यासाठी भांडायला आले, त्याच परीक्षेत मी सर्वांदेखत नापास झाले होते.

मग नसरीन बोलली, आणि साधं बोलली. शिकवणारी माणसं कमी उरलीत. ती गावात गेली की इथले वर्ग थांबतात. गावातल्या आजीनं दिलेला 'पास' गुणपत्रिकेत कुठं बसवायचा, असं वर विचारतात. "देवगाव मला नको आहे का? गाव तर वाट बघतं. पण पोरींना नेणार कोण, आणणार कोण, जबाबदारी कुणाची? सोमवारी वेळापत्रक छापायला जातंय. उजू, मला भाषण नक्को. माणूस दे."

आता सगळं उघड होतं. माझ्या हातात एक रविवार उरला होता.

"उद्या देवगावला चल," मी म्हणाले. "आर्यालाही घे. हीच तोंडी, हेच वाक्य. तिथं काही वेगळं घडलं नाही, तर मी स्वतः तुझी ओळ बरोबर म्हणेन."

"गाडी माझी," गजानन म्हणाला. "मला नीट कळलं नव्हतं, त्याचा दंड."

देवगावला जायचं तर दौलताबादवरून, पुढं वेरूळकडून. किल्ल्याखालच्या जुन्या वेशीतून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. समोरासमोर ट्रक आला की दोन्हीकडचे ड्रायव्हर उतरून एकमेकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यासाठी हाताशी वेळ ठेवा. वेरूळच्या पुढं गर्दी संपते. वेचून झालेली कपाशी, हिरवा गहू, मध्येच कांद्याचे वाफे. फाट्यावर भजी आणि चहा घेतला. भजी तिखट होती, आर्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं दुसरी प्लेट मागवली. ही मुलगी टिकेल, असं मला तेव्हाच वाटलं.

कौसल्याबाईंचा ओटा तसाच आहे, फक्त वर आता पत्रा आलाय. आमची तोंडी इथंच झाली होती. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि आधी रागावल्या.

"औंदा लई उशीर केला वं. आम्हाला वाटलं, पोरी लई हुशार झाल्या, आता येत नाय इथं."

शेजारचे रशीदचाचा, शिवणकाम करतात, मशीन तसंच सोडून ओट्यावर येऊन बसले. ते जुने परीक्षक. नसरीन मुद्दाम मागं, उंबऱ्याशी बसली.

कौसल्याबाईंना गेल्या वर्षापासून खरोखरच रक्तदाब आहे. आर्यानं कालचंच वाक्य म्हटलं, अक्षराचा फरक नाही. "मावशी, ही रक्तदाबाची गोळी. रोज जेवणानंतर घ्यायची, बंद करायची नाही."

"व्हय," कौसल्याबाई म्हणाल्या.

गजानन माझ्या कानाशी पुटपुटला, "झाली पास." आर्याचे ओठ 'कळलं' साठी हललेही होते. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शब्द बदलला.

"मावशी, काय कळलं?"

"जेवले की गोळी घ्यायची."

"आणि?"

"अन् काय? सोमवार, चतुर्थी, एकादस, त्या दिशी जेवन नाय तर गोळी बी नाय. उपास धरल्यावर जेवनानंतरची गोळी कशी घेनार? मी घेतच नाय."

आर्याचा चेहरा उतरला. "मावशी, पण बंद करायची नाही असं म्हटलं ना मी?"

"बंद कुठं केली? जेवले की घेती."

"उपास असला तरी घ्यायची हो!"

"मग तसं म्हन की! जेवनाचं नाव कशाला काढती?"

रशीदचाचा इतके हसले की त्यांच्या कानावरची पेन्सिल पडली. "और रोजे में, बेटी? दिन को पानी बी नक्को. तब तेरी गोळी का क्या?"

आर्यानं मदतीसाठी नसरीनकडं पाहिलं. "मी इथं नाही," नसरीन म्हणाली. "तू सांग."

मुलगी कौसल्याबाईंच्या जवळ सरकून बसली. मग पुस्तकातलं सगळं बाजूला ठेवून बोलली. "मावशी, ही गोळी जेवणाला बांधलेली नाही, दिवसाला बांधलेली आहे. दिवस उगवला की गोळी. उपास असो, लग्न असो. चाचा, रोजे सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारून वेळ ठरवून घ्या, पहाटे सहरीला की संध्याकाळी इफ्तारनंतर. मनानं सोडायची नाही." आणि दोघांकडं पाहून, "काय कळलं?"

"दिस उगवला की गोळी," कौसल्याबाई म्हणाल्या. "एकादशीला बी."

"पहले डॉक्टर, फिर रोजा," चाचा म्हणाले.

"झाली पास," कौसल्याबाईंनी निकाल दिला. "भाकर खाल्ल्याबिगर जाऊ नगा." ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. या जेवणाची किंमत लिहायची सोय नाही. पैशांचा विषय काढलात तर ओट्यावरून खाली उतरवतील.

परतीच्या वाटेवर नसरीन म्हणाली, "तेच वाक्य, उजू. काल त्याला पूर्ण गुण दिले मी."

"प्लास्टिकची बाई उपास धरत नाही, नसरीन."

"हे काल बोलली असतीस, तर भाषणाची गरज होती का?"

"काल मला कुठं माहीत होतं?"

दौलताबादच्या वेशीत पुन्हा अडकलो, आणि तिथं, हॉर्नच्या गोंगाटात, ठरलं. प्रयोगशाळा राहील, सराव तिथं होईल. परीक्षा देवगावात होईल. मुलामुलींना नेणं-आणणं, गावात थांबणं, ही जबाबदारी माजी विद्यार्थ्यांची. यंदा माझी आणि गजाननची. "गुणांचं वर काय ते मी भांडते," नसरीन म्हणाली. "तुझी तोफ तेव्हा लागेल. पण आधी मला दाखवायची, भरलीय कशानं ते." सोमवारी सकाळी मी एसटीत बसण्याआधी वेळापत्रक गेलं. त्यात देवगाव होतं.

तेव्हा, वार्तापत्र वाचून मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थी मित्रांनो, यंदाचं आम्ही पाहतो. पुढचं कोण पाहणार? नुसता अभिमान नको. गाडी असेल तर गाडी आणा, नसेल तर स्वतः या. ज्या ओट्यावर आपण माणसाशी बोलायला शिकलो, तो आपल्या आळसापायी रिकामा राहू द्यायचा नाही. मी राहू देणार नाही.

घरी पोचले, आईला सगळं सांगितलं. कौसल्याबाईंचं ऐकून आईनं मान डोलावली. "बरोबरच आहे तिचं. जेवणानंतरची गोळी उपाशीपोटी कशी घ्यायची?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "आई, तू गुरुवारी गोळी घेतेस ना?"

"गुरुवारी? दत्ताचा उपास असतो माझा. तूच म्हणालीस, जेवणानंतर."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, आवाज न चढवता. शेवटी 'कळलं ना' ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"आई, काय कळलं?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं उत्तर दिलं.

"गोळी दिवसाला बांधलेली. गुरुवारीसुद्धा घ्यायची. आणि तुझं देवगाव आज झालं."