सयाजीनं न उचललेला बेलभंडारा

सयाजी इटलीच्या लढाईवरून परत आला, तेव्हा आष्ट्याजवळच्या आमच्या गावाला तोफांच्या गोष्टी हव्या होत्या. हा बाबा सांगायचा एका म्हातारीची! डोंगरातल्या तिच्या गोठ्यात यांची तुकडी उतरली होती. लढाईच्या कितीतरी आधी तिच्या नवऱ्यानं काळ्या सदऱ्यावाल्यांच्या पुढाऱ्याचा जयजयकार केला नाही, म्हणून त्याला देवळापुढच्या चौकात धरून एरंडेल पाजलं होतं. "आन् सारं गाव हसत हुतं," सयाजी म्हणायचा. ते ऐकून आमच्या पारावरची मंडळीही खो खो हसायची. मला त्यांचा असा संताप यायचा!

सत्तेचाळीसच्या सुरुवातीला गावच्या पाटलांनी, लालासाहेबांनी, तालमीतल्या पोरांची सेना काढली. काळा सदरा नाही, पिवळा फेटा. कवायतीला हलगी. चोऱ्या थांबल्या, दारूचा गुत्ता बंद झाला, गाव खूश. मग एक तांबोळी मार खाऊन गाव सोडून गेला, तेव्हा लोक म्हणाले, असेल त्याचंच काहीतरी. आणि चैत्रात, खंडोबाच्या जत्रेला हुकूम निघाला. घरटी कर्त्या पुरुषानं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, की लालासाहेबांचा शब्द तोच देवाचा शब्द. जो उचलणार नाही, त्याच्या गुऱ्हाळाला कुणी हात लावायचा नाही.

सयाजीचा ऊस तोडणीला आला होता. वर्षाची भाकरी त्याच्यावर. आणि उकळत्या रसाची काहील काही नवरा-बायकोला दोघांनाच उतरवता येत नाही.

त्याचा जोडीदार हरिबा समजूत घालायला आला. "तिकडचं तिकडं रं. हितं तर आपला द्येव हाय."

"तिथं बी त्येंचाच द्येव हुता, गड्या. मानसाला वाकवायचं तर त्येच्याच द्येवाम्होरं वाकवत्यात. परक्याच्या द्येवाम्होरं कोन वाकतंय?"

जत्रेच्या दिवशी सयाजीनं सगळ्यांदेखत कपाळाला भंडारा लावला. "ह्यो खंडोबाचा हाय. मानसाच्या नावानं म्या उचलनार न्हाई."

लालासाहेब चिडले नाहीत. सयाजीच्या बायकोकडं, रंगूबाईकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "वैनी, तुमी तरी सांगा. उभा ऊस वाळंल."

"आमचं घरात बोलनं झालंय," ती म्हणाली आणि नवऱ्याबरोबर चालू लागली.

ऊस खरंच वाळायला लागला. रंगूबाई भरदिवसा कोयता घेऊन तो तोडायची आणि म्हशींपुढं टाकायची. एवढं गोडधोड गावातल्या जावयांनाही कधी मिळालं नसेल!

एक दिवस हरिबा बांधावर आला. "वैनी, अजून येळ हाय. उचल म्हनावं त्येला."

ती वाकलेली तशीच बोलली. "भावजी, ऊस गेला तर बुडख्याला फिरून खोडवं फुटंल. द्येवाम्होरं दिल्याला शब्द माघारी कुठनं आनायचा?"

हरिबानं जत्रेतच बेलभंडारा उचलला होता. रंगूबाई पुढची सरी तोडायला लागली.