बाबांची साडेतीन विमानं

माझे वडील वायुसेनेत फिटर होते. वीस वर्षांची नोकरी संपवून ते आम्हाला घेऊन साखरखेर्ड्याला, आपल्या गावी परत आले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. गावात पुष्कळांना वाटायचं की ते विमान चालवत होते. बाबा प्रत्येक वेळी तो समज दुरुस्त करायचे. "म्या उडवलं नाही. उडन्याजोगं ठेवलं," एवढंच म्हणायचे.

त्यांची सगळी नोकरी मिग-२१ या एकाच लढाऊ विमानावर गेली. पण 'एकाच' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांच्या लेखी ती वेगवेगळी विमानं होती, एका आईच्या लेकरांसारखी, तोंडावळा सारखा आणि स्वभाव निराळे. पहिलं टाइप सत्त्याहत्तर. एकाहत्तरच्या लढाईत बाबा जेमतेम तेवीस वर्षांचे होते आणि हेच विमान त्यांच्या हाताखाली होतं. त्याच्या अंगात स्वतःची तोफ नव्हती, ती पोटाखाली वेगळी बांधावी लागायची. पंखांखाली शस्त्रं टांगायला दोनच जागा. पाठ सडसडीत. नाकावरची हवेचा वेग मोजणारी लांब दांडी बरोबर मधोमध.

मग टाइप शहाण्णव आलं. त्याची तोफ पोटातच बसवलेली, पंखांखाली दोनाच्या चार जागा, पाठीवर उंचवटा आणि नाकावरची दांडी वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली. त्यानंतरचं बिस. पाठ आणखी भरलेली आणि इंजिन सगळ्यांत ताकदवान. मी सहा वर्षांची असताना हे सगळं मला पाठ होतं. इतर मुली भातुकली खेळायच्या त्या वयात मी धावपट्टीच्या कुंपणाला नाक लावून दांडी मधोमध आहे की उजवीकडे ते बघत असे.

बाबांना बघावंही लागत नसे. आम्ही वायुसेनेच्या तळावर क्वार्टरमध्ये राहायचो. दुपारी ते जेवत असले आणि वरून विमान गेलं, की मान वर न करता ते सांगायचे, हे शहाण्णव, हे बिस. शहाण्णवचा आवाज कोरडा आणि बिसचा जाड, असं त्यांचं म्हणणं. मला कधी तो फरक कळला नाही. आईला मात्र कळायचा. तिचं लग्न झालं तेव्हा बाबा शहाण्णववर होते, म्हणून ते विमान गेलं की ती म्हणायची, "हे माह्यावालं." एवढं बोलून पुन्हा पोळी लाटायला लागायची.

त्या आवाजानंच बाबांचे कान गेले. कानात घालायला बोळे मिळायचे, पण इंजिन तपासताना बाबा ते काढून ठेवत. बोळे घातले की आतली बारीक कुरकुर ऐकू येत नाही, असं त्यांचं कारण. गावी आल्यावर दरवर्षी थोडं थोडं करत त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. साठी ओलांडली तोवर समोर उभं राहून ओरडल्याशिवाय काही पोहोचेना. मी तोवर चिखलीला शाळेत शिकवू लागले होते, लग्न होऊन तिथेच राहिले होते. मी हट्टानं त्यांना कानाची मशीन आणून दिली. ते ती घालत, पण नाखुशीनं.

शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिल्यावर वेळ जाईना म्हणून त्यांनी लाकडाची विमानं करायला घेतली. सागवानाचा ओंडका, एक पटाशी, दोन कानशी आणि पॉलिश पेपर. हातभर लांबीचं एक विमान करायला त्यांना सात-आठ महिने लागायचे. आधी सत्त्याहत्तर झालं, पोटाखाली वेगळी तोफ लावलेलं. मग शहाण्णव. आईनं ते पूर्ण झाल्यावर हातात घेतलं आणि लुगड्याच्या पदरानं पुसलं. मग बिस. तिन्ही विमानं बाहेरच्या खोलीत फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली असत आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा त्यांतला फरक समजावून सांगत. पाहुणे माना डोलवत. त्यांना तिन्ही सारखीच दिसायची.

चौथं करायचं होतं ते बायसन. हे याच विमानाचं सगळ्यांत नवं रूप, बाबा निवृत्त झाल्यानंतर आलेलं. त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी शाळेतल्या कॉम्प्युटरवरून त्याची छायाचित्रं काढून त्यांना नेऊन दिली. ते भिंग घेऊन बघत बसले. मग म्हणाले की वैमानिकाच्या समोरची काच बदलली आहे, पहिल्यांमध्ये ती तुकडे जोडून केलेली असायची, ही अख्खी एक आहे. ती काच लाकडात कशी दाखवायची यावर त्यांनी कितीतरी दिवस घालवले.

पॉलिश पेपर घासताना ते कानाची मशीन काढून डबीत ठेवत. त्या घासण्याचा आवाज मशीनमधून फार कर्कश येतो, अशी त्यांची तक्रार होती. आईला हे ठाऊक होतं. तिला काही सांगायचं असलं तर ती हाक मारत नसे, उठून जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायची.

त्या दिवशी दुपारी ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि न्हाणीजवळच्या शेवाळावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. तिला उठता येईना. बाबा बाहेरच्या खोलीत काचेवर काम करत होते. मध्ये दोन खोल्या. ती हाका मारत राहिली. शेजारची चाची, जिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान आहे, ती बाहेर गेलेली होती. परत आल्यावर तिला भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. तोवर दीड-दोन तास झाले होते. चाची आत आली तेव्हा बाबा पाठमोरे बसून लाकूड घासत होते.

मी पोहोचले तेव्हा तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलेलं होतं. ऑपरेशन झालं, पण नंतर छातीत कफ भरला. ती अकरा दिवस होती. बाबा रोज यायचे, पण खाटेपाशी जात नसत. दाराबाहेरच्या बाकावर बसून राहत. आईनं एकदा मला जवळ बोलावलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"तुह्या बाबाले काही बोलू नको," ती म्हणाली. "त्यायले ऐकू आलं असतं तं ते आले असते. हे तू त्यायले सांग."

मी हो म्हटलं.

आणि मी दोन्ही गोष्टी पाळल्या नाहीत. तेराव्यानंतर पाहुणे गेले. बाबा फळीसमोर माझ्याकडे पाठ करून उभे होते. कानात मशीन नसणार असं मी धरून चालले होते. मी मोठ्यानं नाही, नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "आभाळातलं विमान कोणतं हे तुमी आवाजावरून सांगत होते. घरातल्या बाईचा आवाज नाही ऐकू आला तुमाले."

ते वळले. मशीन कानात होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फळीकडे वळले. त्यांच्या हातात फडकं होतं, त्यानं ते बिसच्या पंखावरची धूळ पुसत राहिले. मला तिथल्या तिथे माफी मागता आली असती. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली.

त्या महिन्यात बाबांनी तिन्ही विमानं गावातल्या शाळेला देऊन टाकली. चौथं तसंच राहिलं, नाक झालेलं, पाठ झालेली, काचेच्या जागी नुसता ठोकळा. पटाशी आणि कानशी एका सुताराला दिल्या. तेव्हापासून ते मशीन काढत नाहीत. झोपतानाही कानातच. रात्रीची काढून ठेवा, कानाला जखम होईल, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मीही सांगून पाहिलं. जखम झालीसुद्धा. त्यांनी मशीन दुसऱ्या कानात घातली.

चार वर्षं गेली. मी दर रविवारी जाते. चिखलीला चला म्हटलं की ते नको म्हणतात. जेवण, औषधं, पीकपाणी, एवढंच आम्ही बोलायचो. आईनं सांगितलेलं मी पोहोचवलं नव्हतं. आधी रागानं नाही सांगितलं. मग राग गेला तेव्हा इतका उशीर झाला होता की सांगायची लाज वाटू लागली.

गेल्या वर्षी ही विमानं वायुसेनेतून कायमची निवृत्त झाली. त्या रविवारी मी फोनवर त्यांना निरोपाची चित्रफीत दाखवली. शेवटी उरली होती ती बायसनच. त्यांनी ती एकदाच बघितली आणि फोन परत दिला. म्हणाले, "याले म्या पाह्यलंच नाही कधी."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायचं नव्हतं."

"तू काय खोटं बोलली?" ते म्हणाले.

मग मी सांगितलं. आई काय म्हणाली होती आणि ते तुम्हाला सांगायला तिनं मलाच सांगितलं होतं, आणि मी चार वर्षं ते स्वतःजवळ ठेवलं, हेही. बाबांनी मशीनवर बोट ठेवून आवाज वाढवला. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मला कळलं की त्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.

ते रडले नाहीत. दवाखान्यात तिला फार दुखत होतं का, असं त्यांनी विचारलं. ती काही खात होती का, पाणी कोण पाजायचं. बाकावर बसून त्यांना आतलं काहीच कळलं नव्हतं. मी एकेक दिवस आठवून सांगत गेले, काहीही न लपवता, दुखण्याचंसुद्धा. माझी संध्याकाळची एसटी गेली. मी घरी फोन करून उद्या येते म्हणून कळवलं, आणि बाबांनी विचारलं, "अन् सहाव्या दिवशी?"